सूक्ष्म कवचधारी, गोड्या पाण्यातील (मराठवाडा)

तळी, विहिरी, धरणांचे जलाशय आणि पावसाळी डबकी यांत राहणारे संधिपाद प्राणी. लांबी साधारणतः अर्ध्या मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंत. जलपिसवा (क्लॅडोसेरा), कोपेपॉड (सायक्लॉप्स व डायाप्टोमस हे परिचित प्रकार) आणि द्विपुट कवचाचे ऑस्ट्रॅकोड हे तीन मुख्य गट. माशांच्या पिलांचे हे महत्त्वाचे खाद्य आहे. त्यांच्या अन्नसाखळीतील स्थानाविषयी पाहा : प्राणिप्लवक.

अधिवास : मराठवाड्यात पाण्याचे दोन ठळक प्रकार आढळतात. पहिला बारमाही जलाशयांचा. पैठणचा नाथसागर (जायकवाडी, १९७६), येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, विष्णुपुरी ही त्याची उदाहरणे. दुसरा हंगामी पाण्याचा : गावतळी, पाझर तलाव, नाल्यांतील डोह, बेसाल्टच्या उघड्या खडकांवरील खळगे. ही ठिकाणे बहुधा उन्हाळ्यापूर्वीच कोरडी पडतात आणि काळी माती भेगाळते. या गटाचे जीवनचक्र समजून घ्यायचे असेल, तर अभ्यासकाने जलाशयापेक्षा या कोरड्या तळांकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण त्यांची टिकाऊ अंडी व सुप्त अवस्था तिथल्या गाळात राहतात. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यात मुळात जुना गाळ नसतो. तिथे हे प्राणी वारा, पक्षी किंवा भरलेल्या पाण्याबरोबरच येतात.

जीवनचक्र : जलपिसवांमध्ये चक्रीय अनिषेकजनन, म्हणजे नराविना व नरासह प्रजनन आलटूनपालटून, असते. अनुकूल काळात मादी नराशिवाय अंडी घालते. ती पाठीवरच्या भ्रूणकोष्ठात वाढतात आणि त्यांतून आईसारखीच जनुकीय घडण असलेल्या माद्या बाहेर पडतात. मॉयना मायक्रुरा ही जाती उबदार पाण्यात चार-पाच दिवसांत प्रजननक्षम होते, त्यामुळे पहिल्या चांगल्या पावसानंतर डबके पाहता पाहता गजबजून जाते. गर्दी, अन्नटंचाई किंवा दिवसमानातील बदल अशा संकेतांनी नर जन्मू लागतात. नर-मादीत लिंगगुणसूत्रांचा फरक नसतो. लिंग ठरते ते आईच्या शरीरातील संप्रेरकांच्या संकेतावरून. डाफ्निया मॅग्ना या जातीत नर घडवणारे डबलसेक्स जनुक २०११ मध्ये ओळखले गेले.

निषेचित अंडी मादीच्या कवचाच्या जाड झालेल्या भागात बंद होतात. या आवरणाला एफिपियम म्हणतात. डाफ्नियाचे एफिपियम भिंगाखाली गडद तपकिरी, खोगिराच्या आकाराचे दिसते. त्यात दोन अंडी असतात, पाठीची कड सरळ व काटेरी असते. मादी कात टाकते तेव्हा ते सुटून तरंगते किंवा तळाशी जाते. मॉयनात एक किंवा दोन अंडी, कायडोरिड कुलातील जलपिसवांत बहुधा एकच. ही अंडी किती काळ टिकतात याविषयी अंदाज भिन्न आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका सरोवराच्या गाळातील सुमारे ७०० वर्षांपूर्वीच्या थरातून डाफ्निया जन्मल्याची नोंद २०१४ मध्ये झाली. मात्र हे वय गाळाच्या थराचे आहे आणि अंडी थरांमध्ये खालीवर होऊ शकतात, म्हणून हा आकडा सावधपणे घेतलेला बरा.

कोपेपॉडांत अनिषेकजनन हा नियम नाही. अंड्यातून नॉप्लियस नावाचा डिंभ (अपक्व, प्रौढाहून वेगळी अवस्था) निघतो. नॉप्लियसच्या सहा आणि त्यानंतर कोपेपोडिडच्या सहा अवस्था असतात, शेवटची अवस्था म्हणजेच प्रौढ. सायक्लॉप्सची मादी अंड्यांच्या दोन पिशव्या बाळगते, डायाप्टोमसची एकच. सायक्लॉप्सच्या मादीला एकदाच्या समागमातील शुक्राणू साठवून अनेक वेळा अंडी घालता येतात. डायाप्टोमस कोरड्या काळासाठी टिकाऊ अंडी घालतो. सायक्लॉप्स मात्र बहुधा चौथ्या-पाचव्या कोपेपोडिड अवस्थेत गाळात सुप्त राहतो. डेन्मार्कचे ओ. एफ. म्यूलर यांनी अठराव्या शतकात नॉप्लियस हे स्वतंत्र प्रजातीचे नाव म्हणून योजले होते. ती डिंभावस्था असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

नारू : सायक्लॉप्स हा नारूच्या कृमीचा मध्यस्थ पोशिंदा, म्हणजे कृमीची डिंभे माणसात जाण्यापूर्वी ज्याच्या शरीरात वाढतात तो प्राणी. रशियन निसर्गअभ्यासक फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास ही कडी दाखवली. कृमीची डिंभे सायक्लॉप्सच्या शरीरात सुमारे दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात; न गाळलेल्या पाण्याबरोबर तो पोटात गेला, की साधारण वर्षभराने कृमी बहुधा पायातून बाहेर पडतो. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. पाण्यात उतरून घागर भरावी लागते अशा बारवा व पायविहिरी हे प्रसाराचे प्रमुख ठिकाण होते. पाणी दुहेरी फडक्याने गाळणे, पायऱ्या बंद करणे आणि टेमेफॉस हे कीटकनाशक पाण्यात टाकणे या साध्या उपायांनी चक्र तुटले. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला.

ओळख व नावांचा वाद : येथील जलाशयांच्या प्राणिसूचींत मेसोसायक्लॉप्स ल्यूकार्टी, कायडोरस स्फेरिकस, डाफ्निया कॅरिनाटा, सेरिओडाफ्निया कॉर्न्युटा ही नावे वारंवार येतात. त्यांतील पहिली दोन युरोपीय नमुन्यांवरून आणि नंतरची दोन ऑस्ट्रेलियन नमुन्यांवरून दिलेली आहेत. टिकाऊ अंडी वाऱ्याने व पक्ष्यांबरोबर दूर जातात, म्हणून एकच जाती जगभर असणार, अशी पूर्वी सर्वसाधारण समजूत होती. जलपिसवांचे अभ्यासक डेव्हिड फ्राय यांनी १९८० च्या दशकात कायडोरिडांच्या बारीक रचनेवरून या समजुतीला हादरा दिला. कोपेपॉडांचे अभ्यासक कीफर यांच्या १९८१ च्या पुनर्विचारानंतर खरा ल्यूकार्टी युरोप व समशीतोष्ण आशियापुरता मर्यादित मानला जातो; भारतातील नमुने मेसोसायक्लॉप्सच्याच थर्मोसायक्लोपॉइडिस, ॲस्पेरिकॉर्निस अशा जातींकडे जातात. कॉर्न्युटाच्या बाबतीत शिंग असलेली व नसलेली रूपे एका जातीची की दोन, हा वाद अधिक जुना आहे. माशांच्या वासाने जलपिसवांचे काटे व शिरस्त्राण वाढू शकते, म्हणून केवळ शिंगावर निर्णय देणे धोक्याचे. २०१३ मधील रेणवीय अभ्यासात ऑस्ट्रेलियातील नमुन्यांतच एकाहून अधिक जाती दिसल्या. त्यामुळे जुन्या सूचींतील ही नावे एका जातीची न मानता जवळच्या जातींचे ‘गटनाम’ म्हणून वाचणे अधिक सुरक्षित वाटते.

जनुकीय ओळखीसाठी कलकणूतील (मायटोकॉन्ड्रिया) सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ आधारांचा (डीएनएची अक्षरे) खंड वापरतात. हा खंड प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी लागणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) १९९४ मध्ये आले, अशा खंडावरून जाती ओळखण्याची ‘डीएनए बारकोड’ ही कल्पना २००३ मध्ये. एवढ्याशा प्राण्यात ऊती फार कमी असते. कोपेपॉडची पाचवी पायजोडी काढून काचपट्टीवर ठेवावी व उरलेले शरीर डीएनएसाठी वापरावे, ही रीत योग्य. रेणू व रूप दोन्ही पुरावे एकाच जीवाचे राहतात. पोटातले शैवाल आणि केंद्रकात शिरलेल्या कलकणू-जनुकांच्या निरुपयोगी प्रती यांमुळे चुकीचा क्रम मिळू शकतो. कलकणू आईकडूनच येतात, त्यामुळे डाफ्नियाचे संकर बारकोडवर आईच्या जातीचेच दिसतात. तिथे केंद्रकीय जनुकेही तपासावी लागतात. दोन क्रमांत सुमारे तीन टक्क्यांहून अधिक फरक म्हणजे वेगळी जाती, हा प्रचलित निकष सर्व गटांना सारखा लागू पडत नाही. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतून पूर्ण क्रम मिळणे कठीण असते, म्हणून नवे नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत.

याहून सोपा मार्ग कोरड्या गाळाचा. नॉर्वेचे जी. ओ. सार्स यांनी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या वाळलेल्या चिखलात पाणी घालून प्राणी वाढवले आणि १८८५ मध्ये डाफ्निया लुमहोल्टझी व सेरिओडाफ्निया कॉर्न्युटा यांची वर्णने प्रसिद्ध केली. लुमहोल्टझी हे नाव चिखल पाठवणाऱ्या कार्ल लुमहोल्ट्स यांच्यावरून आहे. मे महिन्यात आटलेल्या गावतळ्याचा वरचा थर सावलीत वाळवून, स्थळ-तारीख लिहून कागदी पाकिटात ठेवला, तर त्यातून पुढे जिवंत माद्या, नर आणि ताजा डीएनए असे तिन्ही मिळू शकते.

ऑस्ट्रॅकोड : ओळख मुख्यतः कवच व उपांगांवरून. अनेक जातींत केवळ माद्या आढळतात; डार्विन्युलिडी कुल तर कोट्यवधी वर्षे नरांविना टिकल्याचे मानले जाई, परंतु २००६ मध्ये जपानमधून या कुलातील नरांची नोंद झाल्याने तो दावा सौम्य करावा लागला. दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळखडकांत गोड्या पाण्यातील ऑस्ट्रॅकोडांचे जीवाश्म मिळतात. नागपूर परिसरातील नमुने विशेष अभ्यासलेले आहेत.