डिलिव्हरी कामगारांची संपाची नोटीस: नाव कोणाचे घालायचे, दिवस कसे मोजायचे

कुरिअर आणि पार्सल हबमधली मुले संपाची नोटीस दाखवायला आणतात, तेव्हा मी मागण्या नंतर वाचतो. आधी वरचे नाव बघतो आणि मग तारीख. बहुतेक नोटिसा याच दोन जागी अडकतात. मागण्या रास्त असतात, सह्या भरपूर असतात, तरीही संप बेकायदा ठरतो आणि ज्याचे पोट हातावर आहे त्याचाच पगार कापला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे कायदा बदलला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली. जुन्या कायद्यात संपाची आगाऊ नोटीस फक्त सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना सक्तीची होती. आता ती प्रत्येक आस्थापनेला लागू आहे. "आमचे काम अत्यावश्यक सेवेत येत नाही, नोटीस कशाला?" असे सांगणारे जुने पुढारी अजून भेटतात. त्यांचे ऐकू नका.

ही वाट कोणासाठी

जे पगारावर आहेत, हजेरीपटावर आहेत, त्यांच्यासाठी. थेट कंपनीचे असोत वा कंत्राटदाराचे. देखरेखीचे काम करणारा आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस संहितेतल्या 'कामगार' व्याख्येतून बाहेर पडतो. पण नुसते 'टीम लीडर' असे ओळखपत्र गळ्यात घातल्याने कोणी सुपरवायझर होत नाही. तो रोज स्वतः पार्सले वाटत असेल तर तसे लेखी पुरावे जपून ठेवा, कारण यादीतून पहिली नावे त्यांचीच उडवली जातात.

अ‍ॅपवर 'पार्टनर' म्हणून काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांना गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार म्हणून जागा मिळाली, पण ती कल्याण योजनांपुरती. त्यांनी निदान ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करून घ्यावी. आधार आणि आधारला जोडलेला मोबाईल लागतो, नोंदणी फुकट आहे. खाली जे लिहिले आहे ते पगारी कामगारांसाठी.

नोटीस कोणाच्या नावाने

गेल्या पावसात गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका हबमधले सात-आठ जण रेनकोट न काढताच आले. नोटीस टाईप करून तयार होती, वर कंपनीचे नाव ठळक अक्षरांत. शर्टावर तेच नाव, बॅगेवर तेच, व्हॅनवर तेच. मी म्हटले, नेमणूकपत्र दाखवा. एकाकडेही नव्हते. मग एकाला मोबाईलवर पीएफचे पासबुक उघडायला लावले. आस्थापनेच्या रकान्यात तिसरेच नाव निघाले, गोव्याबाहेर नोंदलेल्या एका मनुष्यबळ पुरवठादाराचे. दोन वर्षे राबून त्या मुलांना आपला मालक कोण हे त्या दिवशी कळले. नोटीस तशीच गेली असती तर कंपनीने "हे आमचे कामगारच नाहीत" एवढे एक वाक्य लिहून हात झटकले असते.

नेमणूकपत्र देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, पण हातात कोणाच्या नसते. तेव्हा पीएफचे पासबुक, ईएसआयचे कार्ड, पगार जमा झाल्याची बँकेतली नोंद या तिन्ही ठिकाणी जे नाव येते ते मालक म्हणून लिहा. ज्या कंपनीचा माल वाटता तिलाही प्रत पाठवा. दोन्ही नावे नोटिशीत आली तर बिघडत नाही, एक राहिले तर बिघडते.

60 दिवस म्हणजे थांबायचे दिवस नव्हेत

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. संप सुरू होण्यापूर्वीच्या 60 दिवसांच्या आत नोटीस दिलेली असावी, असे औद्योगिक संबंध संहितेचे कलम 62 सांगते. लोक ते "नोटीस देऊन दोन महिने थांबा" असे वाचतात. तसे नाही. थांबायचे आहे ते 14 दिवस. 60 दिवस ही नोटिशीची मुदत आहे, त्यानंतर ती शिळी होते आणि नवी द्यावी लागते. शिवाय नोटिशीत जी तारीख लिहिली तिच्या आधी संप करता येत नाही.

समजा नोटीस 1 ऑगस्टला दिली. 14 दिवस 15 तारखेला संपतात, म्हणजे 16 ऑगस्टपूर्वी काम बंद करू नका. पण या दरम्यान समेट अधिकाऱ्याने (मालक आणि कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) 10 ऑगस्टला पहिली बैठक घेतली तर त्या दिवसापासून समेटाची कार्यवाही सुरू झाली असे धरतात, आणि ती चालू असताना व संपल्यावर आणखी 7 दिवस संप करता येत नाही. संपाची नोटीस असेल तर या अधिकाऱ्याने अहवाल 14 दिवसांत द्यायचा असतो. तो 24 ऑगस्टला निघाला तर 31 पर्यंत थांबावे लागेल. 16 तारखेचे बॅनर छापून बसलेल्यांचा इथे घात होतो.

आणखी एक खाच आहे. समेट फसल्यावर कोणताही पक्ष, म्हणजे मालकही, 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. तिथे प्रकरण चालू असेपर्यंत आणि निकालानंतर 60 दिवस संपाला बंदी आहे. तेव्हा बैठकीला जाण्यापूर्वीच वकिलाशी बोलून ठेवा.

"नोटीस नको, सगळे एकदम रजा टाकू" हा सल्ला तर फारच महागात पडतो. 50 टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर संहिता त्यालाच संप म्हणते. बेकायदा संपात भाग घेणाऱ्याला 1,000 ते 10,000 रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. चिथावणी देणाऱ्याला दंड 10,000 ते 50,000. नेमणुकीच्या अटींत पूर्वसूचनेची अट असेल आणि दहा किंवा जास्त जण ठरवून न सांगता गैरहजर राहिले तर 8 दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची तरतूद वेतन संहितेत आहे. घरभाडे आणि बाईकचा हप्ता भरणाऱ्या पोरांचे हे पैसे आहेत. पुढाऱ्यांनी तोंडी आश्वासनावर त्यांना रस्त्यावर आणू नये.

जुना करार आपोआप संपत नाही

करार 31 मार्चपर्यंत होता, आता एप्रिलपासून आम्ही मोकळे, असे जवळपास प्रत्येक जण धरून चालतो. चूक आहे. मुदत संपली तरी समझोता बंधनकारक राहतो. तो संपवत असल्याची लेखी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर 60 दिवस जावे लागतात. त्या कराराने बांधलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या वतीने ती गेली पाहिजे. ती न देता, करारात आलेल्याच विषयांवर संप केला तर बाकी सगळे बरोबर असूनही तो बेकायदा ठरतो. हे पत्र मागणीपत्राबरोबरच देऊन टाका.

एकाच हबमध्ये दोन संघटना असतील तर ज्या संघटनेकडे हजेरीपटावरचे 51 टक्के किंवा जास्त कामगार, ती एकटी वाटाघाटी करते. कोणाकडेच तेवढे नसतील तर किमान 20 टक्के असलेल्या संघटनांची मिळून परिषद होते. सभासद किती हे दाखवायला वर्गणीच्या पावत्या कामी येतात. पावती न फाडता पैसे घेणाऱ्या खजिनदाराला आजच सांगा.

कागद आणि दाखल करणे

संघटनेचे नोंदणी प्रमाणपत्र, मागणीपत्र, सभेचा ठराव व उपस्थितांच्या सह्या, सभासद यादी, जुन्या कराराची प्रत. नोटिशीवर सचिव आणि निवडून आलेल्या पाच प्रतिनिधींच्या सह्या घ्या, प्रत्येक सहीखाली नाव आणि हुद्दा.

नोटीस मालकाला, प्रत समेट अधिकाऱ्याला. गोव्यात त्यासाठी पणजीला पाटो येथील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावे लागते. नोटीस मिळाल्यापासून 5 दिवसांत मालकाने सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला कळवायचे असते, पण त्याच्या भरवशावर राहू नका. हबचा मॅनेजर हमखास नोटीस घेत नाही, "वरून ईमेल करा" म्हणतो. मग त्याच दिवशी स्पीड पोस्टने नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा, ईमेलही करा. 14 दिवस मोजताना मालकाला ती पोचल्याची तारीख धरा, पोस्टात टाकल्याची नव्हे. आवक शिक्का मारलेली प्रत आणि पोस्टाची पावती यांचे फोटो निदान तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कारण समेटाच्या पहिल्या बैठकीत हाच कागद आधी मागतात.