पेंचच्या आसपास बाहेरचे दिवे कसे लावावेत : रिसॉर्ट, होमस्टे आणि फार्महाऊसवाल्या ग्राहकांसाठी

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 'डार्क स्काय पार्क'चा, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेल्या जंगलाचा, दर्जा मिळाला. भारतातला पहिला, आशियातला पाचवा. तेव्हापासून आमच्या दिव्यांच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो : "भाऊ, म्हणजे आता लाइट बंद ठेवायचे का? इथं साप-विंचू निघतात."

बंद नाही ठेवायचे. दर्जा जंगलाला आहे, तुमच्या होमस्टेला नाही. आवाजाला आपल्याकडे नियमावली आहे, तसा बाहेरच्या उजेडासाठी देशात वेगळा कायदा नाही. पण सिल्लारी, पिपरिया, खापा, वाघोली या गावांत शंभराहून जास्त दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले गेले, तेव्हा कुठे हा दर्जा पदरात पडला. गावानं एवढं केल्यावर शेजारच्या रिसॉर्टचा हॅलोजन आभाळात तोंड करून जळत राहिला, तर वाघोली तलावापाशी तारे बघायला आलेल्या माणसाला दिसणार काय? आणि तोच माणूस रात्री तुमच्याकडे मुक्कामाला असतो.

दर्जा देणाऱ्या डार्कस्काय इंटरनॅशनलच्या नियमांतले दोन आकडे लक्षात ठेवा. ५०० ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) वरचा दिवा वरून आणि बाजूनं पूर्ण झाकलेला हवा. उजेडाचा रंग ३००० केल्विन किंवा त्याहून कमी; आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा. दोन्ही आकडे खोक्यावर छापलेले असतात. साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब ९०० ल्युमेनच्या आसपास भरतो, म्हणजे फाटकावरच्या उघड्या होल्डरमध्ये तो नकोच. बाजारातला 'कूल डे लाइट' ६५०० केल्विनचा असतो. तुम्ही 'वार्म व्हाइट' मागा. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त झेपावतात. जेवणाच्या मांडवातले बल्ब पिवळे केले की पावसाळ्यात ताटात पडणारे किडे कमी होतात. थांबत नाहीत, कमी होतात.

काही विकत घेण्याआधी पाना घ्या. हॅलोजन म्हणजे आता एलईडी फोकसच, पण नाव सुटत नाही. त्याच्या मागच्या पट्टीचे दोन बोल्ट सैल करा, काच सपाट जमिनीकडे येईल एवढा फोकस खाली वळवा आणि पुन्हा कसा. खर्च शून्य. मग कुंपणाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहा. तिथून फोकसमधले एलईडीचे दाणे डोळ्यांत खुपत असतील तर अजून वळवायचा आहे. जमीन उजळलेली दिसते आणि दिवा दिसत नाही, तर काम झालं.

सापाची भीती खरी आहे. पण साप पायाशी असतो, उजेडही तिथंच हवा. खोलीपासून संडासापर्यंतच्या वाटेवर गुडघ्याएवढ्या उंचीचे, टोपीवाले छोटे दिवे लावा. चोराचंही तसंच : डोळे दिपवणाऱ्या फोकसच्या मागे कोण उभं आहे ते राखणदारालाही दिसत नाही. पार्किंगला सेन्सर बसवा. हालचाल झाली की लागेल, एरवी बंद.

फाटकाच्या खांबांवरचे पांढरे गोळे आम्हीही वर्षानुवर्षं विकले. अर्धा उजेड वरच जातो, हे तेव्हा आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. आता मागितल्याशिवाय दाखवत नाही. झाडांच्या बुंध्याशी वर तोंड करून लावलेले हिरवे-निळे दिवे मात्र आम्ही कुणालाच बसवून देत नाही, पाहुण्यांना फोटोसाठी हवे असले तरी.

सोलरचे दिवे घेताना जपून. बहुतेक ६५०० केल्विनचेच येतात आणि आतली पट्टी बदलता येत नाही, म्हणून आधी लावून बघा, मग पैसे द्या.

तुमच्या जागेची पाहणी आम्ही फुकट करतो. फक्त वेळ रात्री आठनंतरची सांगा. दिवसा येऊन आम्हाला काही कळत नाही.