पुलावरचं धुकं, द्राक्षांतला आंबटपणा

जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला गेलेला पाहुणा ओळखायचा कसा? फिशरमन्स वॉर्फवर कुडकुडत स्वेटशर्ट विकत घेत असतो तो. उन्हाळा म्हणून अर्ध्या बाह्यांचे शर्ट घेऊन आलेला असतो आणि दुपारचा पारा असतो जेमतेम 20 अंशांवर. ज्यासाठी आला, त्या गोल्डन गेट पुलाचे 227 मीटर उंच मनोरेही धुक्यात गडप!

ही करामत समुद्राची. उन्हाळ्यात इथे वायव्येचे वारे किनाऱ्यालगत वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि खोलातलं गार पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा गारठते, तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं. तिकडे आतल्या सेंट्रल व्हॅलीत पारा 38च्या पुढे गेलेला असतो. तापलेली हवा वर जाते, दाब उतरतो, समुद्रावरची हवा आत ओढली जाते. पण वाटेत डोंगररांग आडवी. तिला समुद्रसपाटीवर मोठी खिंड एकच, गोल्डन गेट. म्हणून पुलाखालून धुक्याची नदीच वाहते. शहरातल्या टेकड्याही तिला अडवतात. ट्विन पीक्सच्या पश्चिमेला सनसेट भाग धुक्यात असतो, तेव्हा पूर्वेच्या मिशन भागात लोक उन्हात आइस्क्रीम खात असतात.

फोटोचा विचका करणारं हे धुकं द्राक्षबागायतदाराला मात्र हवंच असतं. सॅन पाब्लोच्या उपसागरावरून ते रात्री वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या नापाच्या खोऱ्यात शिरतं. द्राक्ष दिवसा उन्हात साखर भरतं. रात्र उबदार असली, तर श्वसनात त्यातलं आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल भराभर खर्च होतं आणि वाइन नुसतीच गोडसर, बेचव लागते. गार रात्री हा खर्च आवरतात. आपल्या नाशिकला अशा रात्री थंडीत मिळतात, म्हणून तिथे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास, तर नापात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये.

नापाचं खोरं सुमारे 48 किलोमीटर लांब, पण त्यातला प्रवास उलटा वाटतो. उत्तरेला जावं तसं गरम होत जातं! दक्षिणेच्या कार्नेरोसला धुकं पहिल्यांदा भेटतं, म्हणून तिथे गारवा मानवणाऱ्या पिनो न्वार आणि शार्दने या द्राक्षांच्या जाती. वरच्या कॅलिस्टोगापर्यंत ते विरळ होतं, तिथे ऊन सोसणारी काबर्ने सोव्हिन्यों. सकाळी पुलावर घेतलेला स्वेटशर्ट कॅलिस्टोगाला पोचेपर्यंत गाडीच्या मागच्या सीटवर पडलेला असतो.