कूपन कोड कोणाचा, कमिशन कोणाला?

गेम खरेदी करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हल्ली बरीच मंडळी मोबाईल पुढे करूनच दुकानात शिरतात. स्क्रीनवर एखाद्या गेमचा रिव्ह्यू, त्याखाली कूपन कोड, आणि प्रश्न ठरलेला: "हा चालतो ना तुमच्याकडे?" चालतो. पण त्यामागोमाग जे प्रश्न येतात, विशेषतः मुलांबरोबर आलेल्या आईवडिलांचे, त्यांना काउंटरवरच्या गर्दीत नीट उत्तर देता येत नाही. रिव्ह्यू करणारे तुमचेच का? पैसे देऊन चांगलं बोलायला लावता का? किंमत आधी वाढवून मग कोडवर कमी करता का? रास्त प्रश्न आहेत. म्हणून हे पत्रक छापून घेतलं. गणपतीत आणि दिवाळीच्या सुट्टीत बिलाबरोबर देतोच. एरवी काउंटरवर ठेवलेलं असतं, घेऊन जा.

ऑनलाइन कमिशन कसं चालतं

रिव्ह्यूच्या पानावर "इथे विकत घ्या" असं बटण असतं. ते दाबलं की तुम्ही विक्रेत्याच्या साइटवर पोचता, पण लिंकच्या शेपटीला त्या रिव्ह्यू साइटची खूण जोडलेली असते. खरेदी झाली की विक्रेत्याला त्या खुणेवरून कळतं की हे गिऱ्हाईक कोणी धाडलं, आणि विक्रीतला ठरलेला टक्का तो त्या साइटला देतो. अ‍ॅमेझॉनने ही योजना १९९६ सालीच सुरू केली होती. त्यांच्याकडे खुणेची मुदत साधारण २४ तासांची असते. त्यामुळे गेमच्या लिंकवरून आत शिरून गेम न घेता तुम्ही प्रेशर कुकर घेतलात, तरी कमिशन बऱ्याचदा त्या गेमवाल्यांनाच मिळतं. तुमच्याकडून त्यासाठी जादा पैसे घेतले जात नाहीत, विक्रेता ते आपल्या नफ्यातून देतो.

वाशी मार्केटला आंब्याची पेटी पाठवणाऱ्याला आडत म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. माल विकला तर आडत्याचा वाटा, नाही विकला तर नाही. रिव्ह्यू साइटचं तसंच. फरक एवढाच, की आडत्या "यंदा तुमचा माल डागी आहे" असं बागायतदाराला तोंडावर सांगतो आणि तरी तो विकून आपली आडत घेतो. साइटने मात्र "हा गेम घेऊ नका" असं लिहिलं, की त्या लेखातून तिला दमडी सुटत नाही.

दुकान आणि रिव्ह्यू एकाच घरात

अमेरिकेत ही नाती कमिशनवर थांबली नाहीत. 'गेम इन्फॉर्मर' हे मासिक १९९१ साली निघालं तेच मुळी फंकोलँड या गेम विकणाऱ्या दुकानांच्या साखळीतून. २००० साली फंकोलँड विकली गेली आणि मासिक पुढे गेमस्टॉप या बड्या साखळीकडे आलं. गेमस्टॉपच्या सवलत कार्डाबरोबर मासिकाची वर्गणी मिळायची, त्यामुळे एके काळी ते अमेरिकेतल्या सर्वाधिक खपाच्या मासिकांत गणलं जायचं. दुकानाच्या पैशावर चालणारं मासिक दुकानातल्याच मालाला गुण देतंय, म्हणजे गुण फुगवलेलेच असणार, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्याच्या लेखकांना वाचकांत चांगला मान होता. घाव बसला तो दुसरीकडून. डिस्क विकणाऱ्या दुकानांचे दिवस पालटले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये गेमस्टॉपने मासिक बंद केलं. साइटवरचे वर्षानुवर्षांचे लेखही त्याबरोबर काढले. जुन्या पत्त्यावर उरला तो निरोपाचा मजकूर. मार्च २०२५ मध्ये गन्झिला गेम्स या कंपनीने ते विकत घेतलं आणि जुनी मंडळी कामावर परतली. आता मासिकाचे मालक दुकानदार नाहीत, गेम बनवणारे आहेत! म्हणजे वाचकाने डोळे उघडे ठेवायचे ते ठेवायचेच, फक्त बघायची दिशा बदलली.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. आयजीएन ही रिव्ह्यू करणारी साइट. तिने ऑक्टोबर २०१७ मध्ये हंबल बंडल हे गेम डाउनलोड करायचे कोड विकणारं ऑनलाइन दुकानच विकत घेतलं. इथे रिव्ह्यूवाले स्वतःच दुकानाचे मालक झाले. अशा साइटवर आपल्याच दुकानाची लिंक दिसली तर त्यात गैर काही नाही, नातं तिथेच लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

पैशाचा दाब गुणांवर येतो तेव्हा काय होतं, हे २००७ साली दिसलं. गेमस्पॉट या साइटवर जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' या गेमला १० पैकी ६ गुण दिले. त्याच गेमच्या जाहिराती तेव्हा साइटभर झळकत होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांना नोकरीवरून काढलं. कारण गुलदस्त्यात राहिलं. २०१२ साली मात्र त्यांनी स्वतःच उघडपणे सांगितलं, की जाहिरातदार कंपन्यांच्या नाराजीचा त्यात हात होता. इथे दाब आणणारे विक्रेते नव्हते, गेम काढणारे प्रकाशक होते. पण जाहिरात देणाऱ्याचा हात किती लांब पोचतो ते यावरून कळावं.

गुणांपेक्षा यादी पाहा

आमचा अनुभव असा, की विक्रीच्या कमिशनमुळे गुण सहसा हलत नाहीत. बदलतं ते भोवतालचं: कोणता गेम रिव्ह्यूला घ्यायचा, कोणता सोडायचा. दिवाळीआधी "मुलांना द्यायचे दहा गेम" अशा याद्या निघतात त्या वाचून बघा. सगळे नवे, पूर्ण किमतीचे. दोन वर्षं जुना, निम्म्या किमतीत मिळणारा उत्तम गेम त्यात क्वचित दिसेल, सेकंडहँड डिस्कचं तर नावच नको. फुकट डाउनलोड होणाऱ्या गेमवर कमिशन कसलं, म्हणून तेही नाहीत. यात कोणी खोटं बोलत नाही, पण यादीवर कमिशनची छाप असते.

प्री-ऑर्डरच्या, म्हणजे गेम येण्याआधीच पैसे भरून नोंदवायच्या, लिंकबद्दल जरा जास्त सावध राहा. प्रकाशक रिव्ह्यू करणाऱ्यांना गेम आधी देतात आणि अमुक तारखेआधी काही छापायचं नाही अशी अट घालतात. ही तारीख विक्री सुरू होण्याच्या तोंडावर असेल, तर तोवर पैसे भरून बसलेल्याला रिव्ह्यूचा काही उपयोग नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला तेव्हा आधीचे सगळे रिव्ह्यू कॉम्प्युटरवर खेळून केलेले होते, कारण आधी प्रती मिळाल्या त्याच कॉम्प्युटरसाठीच्या. गुण भरघोस पडले. पीएस४ (प्लेस्टेशन ४) या सोनीच्या गेम मशीनवर मात्र तोच गेम इतका अडखळत होता, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढून टाकला, तो परत आला जून २०२१ मध्ये. त्यामुळे कोणी कोड दाखवला की आमचा पहिला प्रश्न असतो: रिव्ह्यू कोणत्या मशीनवर केलाय, आणि तुमच्या घरी कोणतं आहे?

आमचा करार काय आहे

काही मराठी रिव्ह्यू करणाऱ्यांशी आमचा करार आहे. त्यांची यादी काउंटरमागच्या भिंतीवर लावली आहे. यादीत नाव नसलेला कोणी आमचा कोड म्हणून काही फिरवत असेल तर तो आमचा नव्हे.

त्यांच्या कोडवर तुम्हाला बिलात १०० रुपये सवलत मिळते आणि त्यांना आमच्याकडून ६० रुपये मिळतात. टक्केवारी नाही, ठोक रक्कम. नवी सील पॅक डिस्क घ्या, सेकंडहँड घ्या किंवा नुसता कंट्रोलर घ्या, त्यांचे पैसे तेवढेच. टक्केवारी ठेवली असती तर महागडी वस्तू गळ्यात मारण्याची ओढ आपसूक लागली असती, तेवढी तरी टाळावी असं वाटलं. १,००० रुपयांखालच्या बिलाला कोड लागू नाही, कारण त्यात आम्हालाच काही उरत नाही. किमती दुकानात लावलेल्या आहेत; कोड असो वा नसो, यादीतला भाव एकच.

रिव्ह्यू छापण्याआधी आम्ही तो वाचत नाही, व्हिडिओ आधी बघत नाही. कधी कधी आमच्याकडची डिस्क त्यांना खेळायला देतो. ती परत येते आणि मग "उघडलेली" असा शिक्का मारून सेकंडहँडच्या रॅकवर जाते, नवी म्हणून नाही. एखाद्याने आमच्याकडच्या गेमला झोडपलं तरी करार मोडत नाही. असं झालंही आहे. त्या गेमचा गठ्ठा आमच्याकडे बरेच दिवस पडून होता, आणि खरं सांगायचं तर रिव्ह्यू बरोबरच होता.

महिनाअखेरीस आम्ही त्यांना फक्त कोड किती वेळा वापरला गेला तो आकडा देतो. तुमचं नाव, फोन नंबर, काय घेतलंत, यातलं काही जात नाही.

आमची त्यांना एक अट आहे आणि ती मुळात सरकारचीच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं आली. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सोशल मीडियावर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. पैसे, सवलत, फुकट वस्तू, काहीही मिळत असेल तर ते सांगायचं. ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत सांगायचं. व्हिडिओ असेल तर बोलूनही आणि दाखवूनही. खाली वर्णनात बारीक अक्षरांत टाकून भागत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. यादीतल्या कोणी हे सांगायचं टाळलेलं दिसलं तर आम्हाला कळवा. आमच्याबद्दलच तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं.

रिव्ह्यूत नसतं ते

रिव्ह्यू करणारा बहुधा पुण्या-मुंबईत, फायबरच्या नेटवर बसलेला असतो. लांज्याच्या पुढे किंवा गुहागरकडे आतल्या वाडीत राहणाऱ्याचे प्रश्न त्याला पडतच नाहीत. पीएस५ च्या डिस्कवर जास्तीत जास्त १०० जीबी मावतात, पण डिस्क घातली म्हणजे काम झालं असं नाही. पहिल्याच दिवशी दुरुस्तीचं अपडेट येतं आणि ते कधी कधी कित्येक जीबींचं असतं. मोबाईलचं हॉटस्पॉट लावून ते उतरवायचं म्हणजे दिवसाचा डेटा संपलाच. कोणता गेम डिस्कवरून थेट चालतो आणि कोणत्याला डाउनलोडशिवाय गत्यंतर नाही, हे विकत घेण्याआधी आम्हाला विचारा. काही खोक्यांत तर डिस्कच नसते, नुसता कोडचा कागद असतो.

पावसाळ्यात लाईट जाते. अपडेट चालू असताना गेली तर कधी कधी पुन्हा पहिल्यापासून, आणि नशीब वाईट असेल तर सेव्ह केलेला गेमही जातो. मशीनला छोटा यूपीएस लावा, आमच्याकडचाच हवा असं काही नाही. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या दमट हवेने आतले सांधे गंजतात. मशीन बंद असताना झाकून ठेवा, चालू असताना मात्र कधीच नको. होमस्टेवाल्यांनो, पाहुण्यांसाठी गणपतीपुळ्याला मशीन ठेवलं असेल तर हे जरूर पाळा.

आणखी एक, आखातातून किंवा अमेरिकेतून मामा-काकांनी आणलेल्या डिस्कबद्दल. गेम बहुतेक वेळा चालतो. पण त्याच गेमचे नवे भाग भारतातल्या खात्यावरून विकत घेतले तर ते दुसऱ्या देशातल्या डिस्कला जुळतीलच असं नाही. पैसे भरण्याआधी डिस्क घेऊन या, मागचा नंबर बघून सांगतो. त्याचे पैसे नाहीत.

पालकांसाठी: खोक्याच्या कोपऱ्यात ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा असतो. ती पेगी या युरोपातल्या पद्धतीची वयोमर्यादा. गेम किती अवघड आहे याच्याशी तिचा संबंध नाही, आत काय दाखवलंय त्यावरून ती ठरते. रिव्ह्यूत तिचा उल्लेख अभावानेच असतो. १८ चा आकडा असलेला गेम शाळेच्या गणवेशातल्या मुलाला आम्ही एकट्याला देत नाही, मग हातात कोणाचाही कोड असो. त्यावरून दुकानात रुसवेफुगवे झाले आहेत, पुढेही होतील.

परत करायचं झालं तर

सील न फोडलेली डिस्क बिलासह सात दिवसांत परत घेतो, पूर्ण पैसे देऊन. सील फोडलेली असेल तर ती सेकंडहँडच्या भावाने घेऊ. डिस्कच खराब निघाली तर बदलून देऊ. डाउनलोड कोड एकदा खरवडला की आमच्या हातात काही राहत नाही. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांना स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचे पैसे १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर परत मागता येतात. ही सोय डिस्कला नाही, आणि स्टीमवर घ्या असं सांगण्यात आमचा फायदा काहीच नाही, तरी सांगतो.

कोड बिल निघण्याआधी दाखवा, नंतर सवलत जोडता येत नाही. आंबा घाट बंद पडला की कोल्हापूरकडून येणारा माल दोन-तीन दिवस उशिरा येतो, तेव्हा नवीन गेमसाठी लांबून येणार असाल तर निघण्याआधी फोन करा. सोमवारी दुकान बंद असतं.