होम फोल्डरला ७७७ दिलं की लिनक्स सुरळीत? खुलासा

लिनक्सवर लॉगिन होत नसेल तर होम फोल्डरला (तुमच्या वैयक्तिक फायलींच्या फोल्डरला) सरसकट ७७७ परवानगी द्या, म्हणजे कुणालाही वाचायची, बदलायची आणि चालवायची मुभा द्या, हा सल्ला रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. कधीकधी त्याने काम भागतं, म्हणूनच तो टिकला.

पण बिघाड बहुधा मालकीत, म्हणजे फाइल कोणत्या युजरच्या नावावर आहे त्यात असतो. ग्राफिकल प्रोग्रॅम सुडो (रूटच्या अधिकाराने चालवणारी आज्ञा) लावून उघडला की होममधली .एक्सऑथॉरिटी फाइल, जी ग्राफिकल पडद्याची परवानगी ठेवते, रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या नावावर जाऊ शकते. मग पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचाच पडदा परत येतो.

कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा, नुसत्या अक्षरांचा पडदा येईल; तिथे लॉगिन करा, फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस -एलए’ (ls -la) आज्ञा चालवा. तिसरा रकाना मालकाचा. दोन टिंबांच्या ओळीत रूट असणारच, ते वरचं फोल्डर. इतरत्र रूट दिसला तर मालकी बदलणारी आज्ञा चालवा: ‘सुडो चोन’ (sudo chown), कॅपिटल आरचा पर्याय (-R), तुमचं युजरनेम, त्याला चिकटून कोलन आणि शेवटी होमचा पूर्ण पत्ता. पत्ता चुकवू नका; नुसता तिरका दंड (/) पडला तर अख्खी सिस्टिम बिघडेल.

७७७ने मात्र कोणत्याही युजरला तुमच्या फायली बदलता येतात आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करण्याचं साधन) तुमची खासगी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त फाइल, वापरायला नकार देतं. तिला ६००, ती ज्यात असते त्या .एसएसएच फोल्डरला ७०० हवं, म्हणजे दोन्ही फक्त मालकापुरतं.