पार्श्वभूमी : गावातलं घर, परवानगी आणि छपराचं ओझं

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादमधली सात हजारांहून जास्त माणसं गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. मराठवाड्यातलं माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहतो. पण पावसात गळती लागली की वर नवी माती पडते. वर्षानुवर्षं हे चालतं आणि छत जड होत जातं. खाली दगड-मातीच्या रुंद भिंती, आतली-बाहेरची बाजू सांधणारा आरपार दगडच नाही. हादऱ्यानं भिंती फुगून फुटल्या आणि वरचं ओझं झोपलेल्यांवर आलं. जिथं छत लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथं काही ठिकाणी सांगाडा उभा राहिला.

गावात तेव्हाही कायदा होता. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ नुसार बांधकामाला पंचायतीची परवानगी लागायची. १९६७ मध्ये गावठाण विस्तार आणि इमारतींचे नियमही आले. गावठाणाबाहेर १९६६ ची जमीन महसूल संहिता, म्हणजे बिनशेतीचा दाखला. सगळा भर जागेवर : हद्द कुठली, रस्ता किती सोडला, घरपट्टी कोणाच्या नावावर. माळवदावर दरवर्षी टाकलेली माती ही तर दुरुस्ती. तिच्यासाठी कोण अर्ज करणार?

भूकंपाच्या नकाशात हा भाग तेव्हा सर्वात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये ते क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात आली. पुनर्वसनाच्या घरांमध्ये भिंतींना काँक्रीटचे आडवे पट्टे बांधले गेले. हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो.

डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे जवळजवळ सगळ्या राज्यासाठी बांधकामाचे सारखे नियम, लागू झाली. तिच्या आधारे २०२१ मध्ये ग्रामीण भागाला सवलत मिळाली : १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर वेगळी परवानगी नको, परवानाधारक अभियंत्याचा नकाशा, मालकीची कागदपत्रं आणि शुल्क ग्रामपंचायतीत दिलं की काम सुरू. ३२०० पर्यंत ग्रामपंचायतच परवानगी देणार, नगररचना विभागाकडे खेटे नाहीत. सामान्य माणसाचा त्रास यानं खरोखर कमी झाला, आणि ते योग्यच झालं.

पण त्याआधीच, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातली छपरं उडवली होती. वाऱ्याची ओढ कडेला सर्वात जास्त असते, म्हणून पत्र्याचे हुक तिथं जवळजवळ हवेत आणि वासा भिंतीला पक्का बांधलेला हवा. वर दगड ठेवून भागत नाही. हे पाहायला बांधकाम चालू असताना कोणीतरी शिडी चढलं पाहिजे. पंचायत समितीकडे अभियंते आहेत. घरकुलाचा हप्ता सोडण्याआधी कामाची पाहणी होतेच, तशी एक पाहणी स्वखर्चानं बांधणाऱ्याच्या छपराचीही ठेवता येईल.