तोंडी व्यवहार कोर्टात शून्य? तसं नाही

‘लेखी करार नसेल तर धंद्यातले पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. लिहून घ्यावं हा सल्ला चांगलाच आहे, म्हणून निरोपही खरा वाटतो.

भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 10 पाहा. दोन्ही बाजूंची मोकळी संमती, करार करण्याची पात्रता, कायदेशीर मोबदला आणि हेतू, एवढं असलं की करार होतो. कागद ही सरसकट अट नाही. काही व्यवहारांना मात्र तो लागतोच: लवादाचा (वाद कोर्टाऐवजी त्रयस्थाकडून सोडवण्याचा) करार, दाव्याची कायदेशीर मुदत उलटलेलं कर्ज फेडण्याचं वचन, आणि 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमीन-घराची विक्री (तिथे तर नोंदणीही).

खरी अडचण सिद्ध करण्याची असते. म्हणून व्यापारी दावे चालवणारा वकील आधी विचारतो, माल पोचल्याचं चलन आहे का? बिल? बँकेत आलेला आगाऊ हप्ता? ‘पुढच्या आठवड्यात देतो’ असा मेसेज? असा एक मेसेज फार मोलाचा ठरतो. तो पुसू नका आणि फोन बदलताना जपा. छापील प्रत देताना कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र सहसा जोडावं लागतं.

मुदतही बघा. उधारीचा काळ ठरला नसेल, तर मालाच्या किमतीचा दावा माल दिल्यापासून 3 वर्षांत लावावा लागतो. कलम 10 सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतं.